गूगल साइट्सवर शिक्षकाचा पोर्टफोलिओ: दोन वर्षं वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकते, गूगल साइट्स हे वेबसाइट बनवायचं टूल आहे, काही खास शिक्षकांसाठी बनवलेलं नाही. ऑफिसात टीमचं पान करायला, एखाद्या कार्यक्रमाची माहिती टाकायला लोक ते वापरतात. पण गेली दोन वर्षं माझा शिक्षक म्हणून असलेला सगळा पोर्टफोलिओ मी त्याच्यावर ठेवलाय, मधे तीन-चार दुसरी टूल्सही करून बघितली आणि फिरून परत इथेच आले. कोणी शिक्षक मैत्रीण "अगं पोर्टफोलिओ कशावर करू" म्हणून विचारते तेव्हा मी फोनवर अर्धा अर्धा तास तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं आता एकदाच सगळं नीट लिहून काढावं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते कारण खूप जणांचा इथेच घोळ होतो. पोर्टफोलिओ म्हणजे सर्टिफिकेटं स्कॅन करून लावलेली फाइल नाही. चित्रकार किंवा आर्किटेक्ट आपलं प्रत्यक्ष काम घेऊन जातात ना दाखवायला, तसं शिक्षकाचं वर्गातलं काम दाखवता येईल का, हा प्रश्न १९८० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ली शुलमन आणि त्यांच्या टीमने हाती घेतला होता, कारण लेखी परीक्षेत शिक्षक किती जाणतो ते कळतं पण तो शिकवतो कसा ते कळत नाही. तर मुद्दा शिकवण्याचा आहे. पाठाचं टाचण, मुलांच्या वह्यांचे फोटो, फसलेला तास, तो का फसला, पुढच्या वेळी काय बदललं, हे सगळं एकत्र बघता आलं पाहिजे. मी कुठलंही टूल याच कसोटीवर तपासते, दिसायला किती सुंदर आहे ते नंतर.

आता साइट्सकडे येते. हल्ली दिसतं ते नवीन साइट्स २०१६ मधलं आहे. गूगलचं अकाउंट असलं की वेगळं काही घ्यावं लागत नाही, फुकट आहे, ड्राइव्हमधे ठेवलेल्या फाइलींची जागा तेवढी तुमच्या नेहमीच्या १५ जीबीतून जाते. पान बनवायला कोडिंग लागत नाही, उजवीकडच्या पॅनेलमधून फोटो, मजकूर, ड्राइव्हमधली फाइल, यूट्यूबचा व्हिडिओ, फॉर्म, जे हवं ते ओढून पानावर ठेवायचं. माझं पहिलं पान अर्ध्या-पाऊण तासात उभं राहिलं होतं, आणि त्यातला निम्मा वेळ वर कुठला फोटो लावायचा यातच गेला. सेव्ह करायची भानगड नाही, आपोआप होतं. आणि पब्लिश दाबेपर्यंत बाहेरच्या कोणाला काही दिसत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण अर्धवट विचार लिहायला माणूस बिचकतो, इथे ड्राफ्टमधे वाट्टेल तसं लिहा आणि मग निवांत नीट करा. पब्लिश करताना आधीचं आणि नंतरचं पान शेजारी शेजारी दाखवतं, त्यात काय बदललंय ते कळतं. जुन्या आवृत्त्याही राहतात, म्हणजे चुकून काही उडवलं तर मागे जाता येतं.

माझ्या साइटवर मोजकी पानं आहेत. एक माझ्याबद्दल आणि मी कशी शिकवते त्याबद्दल, मग प्रत्येक घटकाचं एकेक पान, एक पान कार्यशाळा आणि त्यातून वर्गात काय उतरलं याचं, आणि एक या वर्षीच्या उद्दिष्टांचं. सुरुवातीला मी पंधरा-वीस पानं केली होती, विषयवार, इयत्तावार, महिनावार, आणि दोनच महिन्यांत मलाच काही सापडेना. नंतर सगळं पाडून घटकवार केलं. कोलॅप्सिबल ग्रुप नावाचा एक ब्लॉक आहे, नुसतं हेडिंग दिसतं आणि त्यावर क्लिक केलं की खालचा मजकूर उघडतो, त्याने लांबलचक पानं आटोक्यात येतात. मी वर नेहमी तीन ओळींचा सार ठेवते, आणि टाचण, वर्कशीट, फोटो सगळे आत. बघणाऱ्याला घाई असेल तर तीन ओळी वाचेल, रस असेल तर उघडून बघेल.

एक पान नीट उघडून दाखवते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. घटक अपूर्णांकांची बेरीज, वर्ग सहावी. पानावर सगळ्यात वर एका चिठ्ठीचा फोटो आहे. तास संपताना मी मुलांना कागदाचा छोटा तुकडा देते आणि एकच गणित घालते, त्या दिवशी होतं १/२ + १/३. फोटोतल्या चिठ्ठीवर उत्तर आहे २/५. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. अशा अकरा चिठ्ठ्या होत्या त्या दिवशी. पूर्वी मी त्यावर लाल रेघ मारली असती आणि दुसऱ्या दिवशी समान छेदाची रीत परत फळ्यावर लिहिली असती. पण फोटो पानावर टाकला आणि खाली काहीतरी लिहायचं म्हणून बघत बसले, तेव्हा लक्षात आलं की २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. म्हणजे अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं, आणि अकरा मुलांना त्यात काही खटकलं नाही. रीत विसरली म्हणून चुकली असं नव्हतंच, त्यांच्या डोक्यात अपूर्णांक ही एक संख्याच नव्हती, वर एक आणि खाली एक असे दोन सुटे आकडे होते. हे मी त्या फोटोखाली लिहिलं, चारच ओळी. दुसऱ्या दिवशी समान छेद बाजूला ठेवून कागदाच्या पट्ट्या घेतल्या, आधी अंदाज सांगा, उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं की लहान, एकापेक्षा मोठं की लहान, आणि मगच बेरीज. त्याचे फोटो पानावर पुढे आहेत, आणि आठवड्यानंतरच्या चिठ्ठ्याही आहेत, त्यात २/५ वाली तीनच उरली.

पुढच्या वर्षी तोच घटक आला तेव्हा टाचण लिहायच्या आधी मी हे पान उघडलं. पट्ट्या पहिल्याच दिवशी काढल्या. माझ्या दृष्टीने पोर्टफोलिओचा खरा उपयोग हा, मुलाखत आणि बढती वगैरे त्याच्या मागून येतं.

फोटोखाली लिहायचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. नुसतं "मुलांनी उत्साहाने भाग घेतला" असं लिहून काहीच हाती लागत नाही. मी सुरुवातीला गिब्जच्या चिंतनचक्राचा आधार घेतला, १९८८ मधे ग्रॅहम गिब्ज यांनी मांडलेलं, काय घडलं, काय वाटलं, काय चांगलं काय वाईट, असं का झालं, यातून काय कळलं, पुढे काय करणार अशा सहा पायऱ्या. चांगलं आहे, पण रोज सहा पायऱ्या कोण लिहिणार, शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा समोर असतो. म्हणून आता मी तीनच प्रश्न ठेवलेत, काय झालं, त्याचा अर्थ काय, आता काय करू. सत्र संपताना एकदा मात्र बसून पूर्ण सहा पायऱ्यांनी लिहिते, तेवढं जमतं. साइट्समधे पान डुप्लिकेट करता येतं, त्यामुळे हे तीन प्रश्न हेडिंग म्हणून टाकलेलं एक कोरं पान करून ठेवलंय, नवीन घटक आला की त्याची कॉपी काढायची.

व्हिडिओबद्दल वेगळं लिहायलाच हवं. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ साइट्सच्या पानावर छान बसतो. मी वर्गाच्या मागच्या बाकावर फोन ठेवून एक तास रेकॉर्ड केला, मुलं पाठमोरी, फक्त मी आणि फळा. त्याच सुमारास वाचनात आलं होतं की मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, नेहमी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. मला वाटत होतं मी चांगली थांबते. व्हिडिओ लावून मोजलं तर बहुतेक ठिकाणी मी एका सेकंदाच्या आत दुसऱ्या मुलाकडे वळलेली किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळी झालेली. एका ठिकाणी तर एक मुलगी तोंड उघडतेय ते मागूनही कळतं, आणि माझं बोलणं सुरू झालेलं. तो तुकडा मी पानावर ठेवलाय. चार महिन्यांनंतरचा दुसरा तुकडा त्याच्या शेजारी आहे, त्यात मी मनात तीन मोजतेय हे दिसतं. हे दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघणं कुठल्याही कागदी फाइलमधे शक्य नव्हतं, आणि डिजिटल पोर्टफोलिओ का करावा याचं माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

व्हिडिओ टाकताना एक लक्षात ठेवा, यूट्यूबवर प्रायव्हेट ठेवलेला व्हिडिओ तुमच्या साइटवर इतरांना चालत नाही. अनलिस्टेड ठेवला तर चालतो, पण मग लिंक हाती लागलेला कोणीही तो बघू शकतो. त्यामुळे मुलांचे चेहरे दिसणारं काहीही मी अनलिस्टेड म्हणूनसुद्धा टाकत नाही. मुलांच्या कामाचे फोटो काढतानाच नावावर कागदाची पट्टी ठेवते, नंतर एडिट करून झाकू म्हटलं की राहूनच जातं. पालकांची आणि शाळेची परवानगी तर हवीच, आणि ती लेखी घ्या, तोंडी हो म्हटलेलं दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही.

परवानग्यांचा अजून एक गुंता आहे आणि नवीन माणूस त्यात हमखास अडकतो. साइट सार्वजनिक केली म्हणजे आत लावलेल्या ड्राइव्हच्या फाइली आपोआप सार्वजनिक होत नाहीत, फाइलींचं शेअरिंग वेगळं असतं. तुमच्या स्क्रीनवर सगळं दिसतं कारण मालक तुम्हीच, आणि बघणाऱ्याला टाचणाच्या जागी परवानगी मागा असा चौकोन दिसतो. मी पहिल्यांदा आमच्या मुख्याध्यापिका बाईंना लिंक पाठवली तेव्हा त्यांना चार पानांवर तो चौकोनच दिसला, फाइली शेअर करायच्या मीच विसरले होते. तेव्हापासून लिंक पाठवण्याआधी इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघते, लॉगिन न करता. दोन मिनिटांचं काम आहे. उलटही जपायचं, नॅव्हिगेशनमधून पान लपवलं म्हणजे ते बंद झालं असं समजू नका, ते फक्त मेनूत दिसत नाही, लिंक असेल तर उघडतंच. म्हणून मी दोन साइट्स ठेवल्यात, एक कच्ची, फक्त माझ्यापुरती आणि माझ्या एका सहकारी सरांपुरती, आणि एक निवडक, दाखवायची. ई-पोर्टफोलिओवर बरंच काम केलेल्या हेलन बॅरेट यांनीही अशीच दोन रूपं सांगितलीयत, एक काम करायची जागा आणि एक मांडायची जागा. दोन्ही एकत्र ठेवली की माणूस कच्चं, खरं लिहायला घाबरतो आणि सगळा पोर्टफोलिओ जाहिरातीसारखा होऊन बसतो.

आता जे नाही ते सांगते. साइट्सवर कॉमेंट करायची सोय नाही, आणि पोर्टफोलिओवर दुसऱ्या शिक्षकाची टिप्पणी येणं तर फारच गरजेचं असतं. मी त्यावर उपाय म्हणून पानाच्या तळाशी दोन प्रश्नांचा गूगल फॉर्म लावलाय, आणि कच्च्या साइटवर चिंतन थेट गूगल डॉकमधे लिहून तेच डॉक पानावर लावते, म्हणजे सर डॉकवर जाऊन कॉमेंट टाकतात. चालून जातं, पण जोडाजोडच आहे ती. ब्लॉगसारखं तारखेनुसार आपोआप लागत जाणारं लिखाणही नाही, तारीख हाताने टाकावी लागते. डिझाइनची मोजकी थीम्स आहेत, ज्यांना रंगसंगतीचा शौक आहे त्यांचं मन भरणार नाही. बनवलेली साइट फोनवर चांगली दिसते पण बनवायला कॉम्प्युटरच घ्या. मी दिवसभर फोनवरून फोटो ड्राइव्हच्या एका फोल्डरमधे टाकत राहते आणि शनिवारी लॅपटॉपवर बसून पानं लावते.

दुसरी टूल्स काय म्हणाल तर, महारा हे खरं पोर्टफोलिओसाठीच बनवलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, २००६ मधे न्यूझीलंडमधे सुरू झालं, माओरी भाषेत महारा म्हणजे विचार करणं. कोणतं पान कोणाला दिसेल ते त्यात बारकाईने ठरवता येतं, पानावर अभिप्राय देता येतो, मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरशी जोडता येतं. तुमच्या संस्थेने ते बसवून दिलं असेल तर साइट्सच्या नादी लागू नका, महाराच वापरा. पण एकट्या शिक्षकाने सर्व्हर बघून ते चालवणं अवघड आहे. ज्यांना लिहायची आवड आहे, दर आठवड्याला पानभर लिहितात, त्यांना वर्डप्रेस बरं, तारखा, टॅग, कॉमेंट सगळं आहे, फक्त सेटिंग्जमधे वेळ जातो. कॅन्व्हा या डिझाइनच्या टूलवर सुंदर होतं, पण माझा अनुभव असा की मी शब्दांपेक्षा चौकटी सरकवण्यातच संध्याकाळ घालवली. पॅडलेट एका घटकासाठी, मुलांबरोबर चिठ्ठ्या-फोटो लावायची ऑनलाइन भिंत करायला उत्तम, वर्षानुवर्षांचा पोर्टफोलिओ त्यावर नको.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझा पहिला पोर्टफोलिओ गेला. आधीच्या शाळेने दिलेल्या अकाउंटवर केला होता, तीन वर्षांचं काम, नोकरी बदलली, पंधरा दिवसांनी लॉगिन करायला गेले तर अकाउंट बंद. विनंती केली, दोनदा मेल केली, उत्तर आलं नाही. त्यात एका मुलाच्या वहीची सलग आठ महिन्यांची पानं होती, शून्यापासून सुरुवात करून वर्षअखेरीला तो भागाकार करायला लागला होता, त्या पानांचे फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. ते अजून लागतं मनाला. तर पोर्टफोलिओ कायम स्वतःच्या खाजगी अकाउंटवर करा. संस्थेच्या अकाउंटवरच्या फाइलची मालकी संस्थेबाहेरच्या अकाउंटला देता येत नाही, त्यामुळे नंतर सरळ हलवू असं मनात धरून बसू नका. आधीच संस्थेच्या अकाउंटवर केला असेल तर नोकरी सोडायच्या आधी, अकाउंट चालू असतानाच, सगळं उतरवून घ्या.

टूलवरही अति भरवसा नको, साइट्सवरसुद्धा नाही. शिक्षकांमधे इतकं चालणारं, मिळून पानं लिहायचं विकीस्पेसेस २०१८ मधे बंद झालं, गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस गेला, मुलांचे छोटे व्हिडिओ घ्यायचं फ्लिपचं स्वतंत्र ॲपही त्याच वर्षी संपलं, आणि साइट्सचीच जुनी आवृत्ती बंद झाली तेव्हा लोकांना पानं नवीनमधे आणावी लागली. म्हणून मूळ फोटो, टाचणं, व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमधे घटकाच्या नावाने, आणि सत्र संपलं की प्रत्येक पानाची पीडीएफ काढून पेन ड्राइव्हवर. चिंतनाचा मजकूर तर डॉकमधे असतोच माझा.

कोणी विचारलं की किती वेळ जातो, तर आठवड्याला साधारण चाळीस मिनिटं, परीक्षेच्या दिवसांत शून्य, आणि ते चालतं. सुरुवात करताना अख्ख्या वर्षाचं मांडायला बसू नका, त्यातच लोक दमतात आणि सोडून देतात. या आठवड्यात जो तास मनासारखा झाला नाही तो एक घ्या, मुलांच्या वहीतला एक फोटो, खाली चार ओळी. मी आता दशांश अपूर्णांकांचं पान उघडलंय, त्यावर सध्या एकच चिठ्ठी आहे, ०.४५ मोठं की ०.५ या प्रश्नावर एका मुलाने ०.४५ ला गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय "कारण ४५ जास्त". खालच्या चार ओळी शनिवारी लिहीन.